शिकलेली सिस्टर वॉर्डातून जाते कुठे?

डॉक्टर एमबीबीएसनंतर एमडी झाला की रुग्णाच्या आणखी जवळ येतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या खाटेशी सगळ्यात जास्त शिकलेला डॉक्टर उभा असावा, असं आपल्याला सहजच वाटतं. नर्सिंगमध्ये मात्र उलटं घडतं. जीएनएम झालेली अधिपरिचारिका वॉर्डात असते, बी.एस्सी. नर्सिंग झालेलीही असते, पण एम.एस्सी. नर्सिंग झालेली शोधायला गेलात तर ती बहुधा नर्सिंग कॉलेजच्या वर्गात फळ्यापाशी सापडेल. रुग्णालयातच राहिली तर बढतीच्या वाटेने ती परिसेविका होते, पुढे अधिसेविका होते, आणि तिचा दिवस ड्युटीचं वेळापत्रक, औषधांचा साठा, चादरींचा हिशोब आणि रजेचे अर्ज यांत संपतो. शिक्षण वाढलं की रुग्ण लांब जातो. एकाच इमारतीत, एकाच रुग्णासाठी राबणाऱ्या दोन व्यवसायांत उच्च शिक्षणाची दिशा अशी विरुद्ध का असावी?

याचं एक कारण आपल्या समजुतीत आहे. नर्सचं काम म्हणजे सांगितलेलं करणं, असं आपण धरून चालतो. सांगितलेलं करायला फार शिकावं लागत नाही, मग जास्त शिकलेलीला वर्गात नाही तर कचेरीत बसवायचं. जगात गेल्या साठ वर्षांत या समजुतीला छेद देणारी एक वाट तयार झाली. तिचं नाव प्रगत परिचर्या, आणि ती पार केलेल्या परिचारिकेला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. हे शिक्षण म्हणजे नर्सला थोडीफार डॉक्टरकी शिकवणं, असा गैरसमज सरसकट आढळतो. वास्तविक, चोवीस तास रुग्णाजवळ असलेल्या माणसाला तिथेच, त्या क्षणी, शहाणा निर्णय घेता यावा यासाठीची ती तयारी आहे. आणि ती तयारी करून घेऊनही खाटेजवळचं पद आणि अधिकार दिला नाही, तर दोन वर्षांचं शिक्षण कागदावर राहतं.

रात्री दोनचा टीपीआर चार्ट

पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला एक रुग्ण डोळ्यांपुढे आणू. रात्री दहाच्या नोंदी अशा: नाडी ८८, श्वास मिनिटाला १८, रक्तदाब ११८/७६, ताप ९९, ऑक्सिजन ९७. रात्री दोनच्या नोंदी: नाडी ११२, श्वास २६, रक्तदाब ११०/७०, ताप १००.८, ऑक्सिजन ९४. नातेवाइकाने विचारलं तर त्याला सांगितलं जाईल की बीपी चांगलं आहे, थोडा ताप आहे, काळजी नको. रक्तदाबाचा आकडा खरोखरच कोणाला घाबरवणारा नाही.

पण शरीर संकटात कसं वागतं ते पाहिलं तर हेच आकडे वेगळं बोलतात. घरातली कमाई अचानक थांबली तरी काही दिवस चूल पेटती राहते. आधी साठवणीतले पैसे निघतात, मग किराणा उधारीवर येतो, मग एखादा दागिना गहाण पडतो. शेजाऱ्याला बाहेरून फक्त चूल दिसते, म्हणून घर ठीक चाललंय असं वाटतं. शरीरात रक्तदाब ही ती चूल. पोटात टाका सैल होऊन जंतुसंसर्ग पसरू लागला, तर पेशींना ऑक्सिजन पुरेनासा होतो आणि रक्तात आम्ल साचतं. ते आम्ल कमी करायला मेंदू श्वासाचा वेग वाढवतो, कारण उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की रक्ताचा आम्लपणा उतरतो. हृदय जोरात धावतं. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, म्हणून लघवी कमी होते. या सगळ्या धडपडीच्या जोरावर रक्तदाब काही तास तग धरतो. तो कोसळतो तेव्हा उधारी आणि दागिने दोन्ही संपलेले असतात.

म्हणूनच लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली एक गुणपद्धत तयार केली आणि २०१७ साली ती सुधारली. प्रत्येक नोंदीला बिघाडाच्या प्रमाणात ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आपल्या रुग्णाची दहा वाजताची बेरीज शून्य येते. दोन वाजता श्वासाचे ३, नाडीचे २, तापाचा १, ऑक्सिजनचा १ आणि रक्तदाबाचा १, अशी ८ येते. ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे तातडीचं संकट. आठपैकी रक्तदाबाचा वाटा एकच आहे आणि श्वासाचा तीन! नेमका श्वासच चार्टवर सर्वांत दुर्लक्षित असतो. यंत्र लावून तो चटकन मोजता येत नाही, छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात ते मिनिट मिळत नाही, आणि मग श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, २०, १८ अशा नोंदी पडत जातात.

यापुढे काय होतं ते परिचारिकेच्या तयारीवर अवलंबून असतं. नेहमीच्या चौकटीत ती ‘डॉक्टरांना कळवलं’ असं लिहिते. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर अपघात विभागात गुंतलेला असतो, त्याला फोनवर ‘पेशंटला ताप आहे, जरा अस्वस्थ आहे’ एवढंच कळतं, आणि तो पॅरासिटामॉल द्यायला सांगतो. त्यात त्याची चूक काढता येत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोचलेली माहितीच तेवढी आहे. प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका इथे वेगळं वागते. ती पोटाला हात लावून ते कडक झालंय का पाहते, छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावते, लघवीच्या पिशवीतला तासाचा हिशोब काढते. साठ किलोच्या माणसाला ताशी तीस मिलिलीटर तरी लघवी व्हायला हवी. इथे दोन तासांत पंचवीस झाली आहे. रुग्णालयाने आधीच मंजूर केलेल्या कार्यपद्धतीनुसार ती प्रतिजैविक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घेते, लॅक्टेट तपासायला पाठवते, सलाईन सुरू करते आणि मग शल्यचिकित्सकाला फोन लावते: “सर, दुसरा दिवस, गुण शून्यावरून आठवर गेलेत, पोट कडक आहे, लघवी घटली आहे. मला आतड्याच्या टाक्याची शंका वाटते. आपण आत्ता येऊन पाहावं.” रुग्ण तोच, रात्र तीच. फरक पडला तो पाहण्यात, पाहिलेल्याचा अर्थ लावण्यात आणि तो अर्थ ठामपणे मांडण्यात.

दोन वर्षांत शिकवतात काय

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्याची रचना पाहिली की उद्देश स्पष्ट होतो. एकूण वेळेपैकी २० टक्के वेळ वर्गासाठी आणि कौशल्य-प्रयोगशाळेसाठी, उरलेला ८० टक्के प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी. डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणासारखा हा निवासी अभ्यासक्रम आहे. विद्यार्थिनी आयसीयूत पाळ्या करते, कोणती कौशल्यं किती वेळा केली याची नोंदवही ठेवते आणि अनुभवी परिचारिका व डॉक्टर तिच्यावर देखरेख करतात. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंगनंतर रुग्णसेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. ही अट महत्त्वाची आहे, कारण ज्याने वॉर्ड पाहिलेला नाही त्याला प्रगत काय शिकवणार?

या शिक्षणाचे तीन पाया-विषय जगभर सारखेच आहेत. पहिला प्रगत विकृतिशास्त्र, म्हणजे आजारात शरीराचं काय आणि कोणत्या क्रमाने बिघडतं याचा अभ्यास. वरच्या रुग्णाचा श्वास रक्तदाबाआधी का बदलला, याचं उत्तर तिथे मिळतं. दुसरा शरीरतपासणी: ऐकणं, चाचपणं, ठोकून पाहणं, आणि मुख्य म्हणजे सापडलेल्या खुणांवरून संभाव्य कारणांची यादी करून एकेक कारण बाद करत जाणं. मूळ नर्सिंग अभ्यासक्रमातही तपासणी असते, पण तिथे खूण नोंदवण्यावर भर असतो. इथे ‘मग याचं कारण काय असेल’ हा प्रश्न चुकवता येत नाही.

तिसरा विषय प्रगत औषधशास्त्र. त्याचं मोल एका उदाहरणावरून कळेल. सत्तरीच्या एका आजींना रक्तदाबासाठी एनालाप्रिल चालू आहे, पायांच्या सुजेसाठी लघवीचं औषध आहे आणि गुडघेदुखीसाठी कोणीतरी आयबुप्रोफेन लिहून दिलं आहे. तिन्ही औषधं आपापल्या जागी योग्य. पण मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आत आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आयबुप्रोफेन आत येणारी वाहिनी आकसवतं. एनालाप्रिल बाहेर जाणारी सैल करतं. लघवीचं औषध मुळात रक्तातलं पाणीच कमी करतं. तीन बाजूंनी गाळणीतला दाब उतरतो आणि मूत्रपिंडं अचानक मंदावतात. ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असू शकतात आणि प्रत्येकाने आपलंच पाहिलेलं असतं. औषधांच्या तक्त्यावर तिन्ही नावं एकाखाली एक वाचून, गोळ्या मोजून आजींच्या तळहातावर ठेवणारी व्यक्ती एकच असते. ही चूक अडवण्याची सर्वांत सोयीची जागा तिच्या हातात आहे, फक्त तिला ती दिसली पाहिजे.

यांच्या जोडीला संशोधन वाचण्याचं शिक्षण असतं. ते अनेकांना पुस्तकी वाटतं, पण ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात’ या उत्तरावर समाधान न मानण्याची सवय त्यातूनच लागते, आणि रुग्णालयातल्या कितीतरी जुन्या पद्धती केवळ त्या उत्तराच्या आधारावर टिकून आहेत.

चौकट: भारतात नर्सिंगच्या पायऱ्या

एएनएम: २ वर्षं. मुख्यतः उपकेंद्र आणि गावपातळीवरची सेवा.
जीएनएम: ३ वर्षांची पदविका.
बी.एस्सी. नर्सिंग: ४ वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांसाठी २ वर्षांची पोस्ट बेसिक पदवी.
एम.एस्सी. नर्सिंग: २ वर्षं. शल्य-वैद्यकीय, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य यांपैकी एक शाखा. बहुतेक जणी पुढे अध्यापनाकडे वळतात.
नर्स प्रॅक्टिशनर, क्रिटिकल केअर: २ वर्षं, निवासी, पदव्युत्तर.
नर्स प्रॅक्टिशनर, मिडवाइफरी: १८ महिने. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार.

सुरुवात कोलोरॅडोत

अमेरिकेत १९६५ साली लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर कोलोरॅडो विद्यापीठात पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत मुलांसाठी डॉक्टर मिळत नव्हते हे निमित्त होतं. पण फोर्ड यांचा मुद्दा केवळ टंचाईचा नव्हता. सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका दूरच्या वस्त्यांवर मुलांची वाढ तपासत, आजार ओळखत, आयांना सल्ला देत. काम आधीपासून चालू होतं. त्याला खोल शिक्षणाचा पाया आणि उघड मान्यता नव्हती, ती त्यांना हवी होती. डॉक्टरांचा विरोध झाला तो अपेक्षित होता. नर्सिंगमधल्या काही मान्यवर शिक्षकांनीही विरोध केला, आणि त्यांची भीती विचार करायला लावणारी होती: या वाटेने गेलेल्या परिचारिका शुश्रूषा सोडून वैद्यकाच्या सावलीत जातील. पुढे हे शिक्षण अमेरिकेत प्रमाणपत्रावरून पदव्युत्तर पदवीवर गेलं आणि आज तिथल्या सर्व राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर काम करतात. मात्र किती स्वतंत्रपणे, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो आणि त्यावर अजूनही भांडणं होतात. फोर्ड २०२५च्या जानेवारीत १०४ वर्षांच्या होऊन वारल्या.

कसोटीला काय उतरलं

हे सगळं ऐकायला बरं, पण रुग्णाचं भलं होतं का? या प्रश्नाला पहिलं भक्कम उत्तर कॅनडातल्या बर्लिंग्टन गावाने दिलं. १९७१-७२ साली तिथल्या दोन कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्यातली १,५९८ कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली गेली. एका गटाला पहिली भेट डॉक्टरची, दुसऱ्याला नर्स प्रॅक्टिशनरची. वर्षभराने पाहिलं तर मृत्यू, आरोग्य आणि रुग्णांचं समाधान या तिन्ही बाबतींत दोन्ही गट सारखे निघाले. परिचारिकांनी ६७ टक्के भेटी डॉक्टरांना न विचारता हाताळल्या होत्या. मला यात उरलेला तिसरा हिस्सा जास्त बोलका वाटतो. आपल्याला कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं, आणि तिथे त्यांनी डॉक्टरला बोलावलं. आपली मर्यादा ओळखणं हाही प्रशिक्षित निर्णयच आहे. त्याच प्रयोगात दवाखान्याचं उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. काम कमी झालेलं नव्हतं. परिचारिकेने एकटीने पाहिलेल्या रुग्णाचे पैसे द्यायची तरतूद नव्हती, म्हणून ते घटलं. माणूस तयार झाला आणि नियम मागे राहिले, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

न्यूयॉर्कमध्ये झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी कडक होता. तिथे नर्स प्रॅक्टिशनरना डॉक्टरांइतकेच अधिकार होते आणि १,३१६ रुग्ण चिठ्ठीने वाटले होते. सहा महिन्यांनी प्रकृतीत म्हणावा असा फरक दिसला नाही. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत खालचा आकडा परिचारिकांच्या गटात ८२ आणि डॉक्टरांच्या गटात ८५ आला. तीन अंकांवरून विजयाच्या घोषणा करू नयेत, पण रुग्णांचं नुकसान झालं नाही एवढं त्यातून निश्चित दिसतं. २०१८ साली कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. प्राथमिक आरोग्यसेवेत प्रशिक्षित परिचारिकांच्या हाताखालचे परिणाम डॉक्टरांइतके किंवा किंचित बरे असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. परिचारिका प्रत्येक रुग्णाला वेळ जास्त देतात आणि रुग्ण थोडे अधिक समाधानी असतात, हेही त्यात आलं. यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत. आपल्याकडे त्या जशाच्या तशा लागू करताना तेवढं भान हवं.

विरुद्ध बाजूचं म्हणणं

या वाटेवरचा सगळ्यात वजनदार पुरावा विरुद्ध बाजूचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयं आहेत. त्यांच्या तातडीच्या विभागांत रुग्ण कधी डॉक्टर पाहतात, कधी नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे. चॅन आणि चेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली मांडलेल्या अभ्यासात नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेल्या रुग्णांचा विभागातला मुक्काम ११ टक्क्यांनी लांबला आणि टाळता येण्याजोगं रुग्णालयात भरती होणं महिनाभरात २० टक्क्यांनी वाढलं. गुंतागुंतीच्या रुग्णांत तफावत जास्त होती. याला उत्तर द्यायचं तर बर्लिंग्टनकडे बोट दाखवून भागणार नाही, कारण दवाखाना वेगळा आणि तातडीचा विभाग वेगळा. मला यातून निघणारा अर्थ असा वाटतो: दारात कोणताही, निदान न झालेला, गुंतागुंतीचा रुग्ण येतो आणि कोणाला विचारायची सोय नाही, तिथे डॉक्टरचं लांबलचक शिक्षण कामी येतं. जिथे आजार माहीत आहे, रुग्ण रोजचा आहे, बिघाड लवकर ओळखणं हे मुख्य काम आहे आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे प्रगत परिचारिकेचं बळ आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टर-डॉक्टरांमधला आणि परिचारिका-परिचारिकांमधला फरक हा दोन व्यवसायांमधल्या सरासरी फरकापेक्षा मोठा होता. पदवीच्या नावावरून प्रत्येक व्यक्तीचा दर्जा ठरत नाही, म्हणून तिचं काम मोजत राहावं लागतं.

दुसरा आक्षेप आपल्याकडे वारंवार येतो: गरिबांच्या वाट्याला डॉक्टर नाही, म्हणून नर्सवर भागवायचं, हा दुजाभाव नाही का? जिथे डॉक्टरच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी परिचारिकेला पुढे केलं जाईल, तिथे तो दुजाभावच होईल, आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण आयसीयूचं उदाहरण घ्या. तिथे डॉक्टर असतोच. प्रगत परिचारिका त्याची जागा घेत नाही; दोन राउंडच्या मधले जे तास आज कोणाच्याच जबाबदारीत नसतात, ते ती सांभाळते. महागड्या खासगी आयसीयूतल्या रुग्णालाही त्या तासांत अशी व्यक्ती हवीच असते.

तिसरा आक्षेप वॉर्डातून येतो आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. साध्या परिचारिकाच पुरेशा नाहीत, त्यात चांगल्या चांगल्या निवडून दोन वर्षं शिकायला पाठवायच्या, म्हणजे मागे राहिलेल्यांनी मरायचं का? युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्ण यांचा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली केलेला अभ्यास या प्रश्नाला थेट भिडतो. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी घटलेली दिसली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही; चांगल्या रुग्णालयांत बाकीच्याही गोष्टी चांगल्या असतात. तरी धडा सरळ आहे. संख्या आणि शिक्षण एकमेकांची जागा घेत नाहीत. चाळीस रुग्णांमागे एक परिचारिका असेल तर तिची पदव्युत्तर पदवी श्वास मोजायला ते एक मिनिट मिळवून देणार नाही.

आपल्याकडे गाडी अडते कुठे

भारतात एम.एस्सी. नर्सिंग १९५९ साली दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात सुरू झालं. तेव्हा देशाला शिक्षिका हव्या होत्या, आणि त्या दृष्टीने ते योग्यच होतं. पुढे ती गरजेपुरती केलेली सोय कायमची रूढी झाली. सेवाप्रवेशाचे नियम, वेतनश्रेणी, बढतीच्या पायऱ्या सगळ्या या गृहीतकावर उभ्या राहिल्या की उच्चशिक्षित परिचारिका शिकवेल किंवा कारभार पाहील. बहुतेक राज्यांच्या रुग्णालयांच्या आकृतिबंधात ‘खाटेजवळची पदव्युत्तर परिचारिका’ असं पदच नाही. त्यामुळे क्रिटिकल केअरचा निवासी अभ्यासक्रम पुरा केलेली परिचारिकाही अधिपरिचारिका म्हणूनच रुजू होण्याची शक्यता मोठी असते. तोच पगार, तीच कामं. औषधांच्या बाबतीत १९४५चे औषध नियम डॉक्टरी चिठ्ठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच मानतात. म्हणजे प्रगत औषधशास्त्र शिकून झाल्यावरही तिला जे करता येईल ते रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धतीच्या आधाराने, आणि तशी कार्यपद्धती नसेल तर काहीच नाही.

याच देशात उलट उदाहरणही आहे. आयुष्मान भारत योजनेत २०१८पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत परिचारिका आहेत आणि महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं. पण पद आधी ठरलं, कामाची यादी ठरली, कोणती औषधं द्यायची हे ठरलं, मानधन ठरलं, आणि मग प्रशिक्षण झालं. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पद मिळालं. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला ते नाही. अभ्यासक्रम कितीही चांगला आखला तरी पुढे पाटी नसेल तर विद्यार्थिनी तिकडे का वळेल? हुशार मुलगी एम.एस्सी. करून कॉलेजात जाईल किंवा परदेशी परीक्षेच्या तयारीला लागेल, आणि तिला दोष देता येणार नाही.

१९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला आहे. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी आणि कामाची व्याप्ती नव्याने ठरवायची ही संधी आहे. इथेच चौथा, कॉलेजांच्या दर्जाचा आक्षेप लक्षात ठेवायला हवा. पुरेसे रुग्ण नसलेल्या रुग्णालयाशी जोडलेल्या कॉलेजात ८० टक्के प्रत्यक्ष सेवा कागदावरच होऊ शकते. म्हणून नोंदवहीतल्या नोंदी रुग्णालयाच्या केसपेपरशी पडताळून पाहिल्याशिवाय नर्स प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी देऊ नये, इतकी कठोर अट मला आवश्यक वाटते. ज्या अधिकाराने औषध सुरू करायचं, त्याची किंमत तेवढी असलीच पाहिजे.

आणि पदांचा आकडा ऐकून कोणत्याही अर्थखात्याने दचकावं, एवढा तो मोठा नाही. जिल्हा रुग्णालयाच्या एका आयसीयूत चोवीस तास एक प्रगत परिचारिका हवी, तर आठवड्याच्या पाळ्या होतात २१. एकीने सहा पाळ्या केल्या तर साडेतीन जणी लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरून पाच. त्या पाच पदांची वेतनश्रेणी नर्सिंग कॉलेजातल्या व्याख्यात्याच्या बरोबरीची ठेवली पाहिजे. नेमणुकीच्या आदेशातच त्यांनी कोणत्या तपासण्या पाठवायच्या, कोणती औषधं कार्यपद्धतीनुसार सुरू करायची, कोणत्या गुणांवर कोणत्या डॉक्टरला किती मिनिटांत बोलवायचं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. आणि त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा दर तीन महिन्यांनी डॉक्टर व परिचारिका यांच्या संयुक्त बैठकीत केसपेपर समोर ठेवून आढावा झाला पाहिजे.